त्वेरमधलं जुनं व्यापाऱ्याचं घर पाहायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये आईबाबांना घेऊन मॉस्कोला जातोय. तिथून एक दिवस त्वेरला जायचं पक्कं आहे. आम्ही मूळचे चौलचे. त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन १५व्या शतकात घोडा विकायला घेऊन आमच्याच बंदरात उतरला, पुढे पावसाळाभर जुन्नरला राहिला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. लहानपणी बाबांनी मला सायकलवर नेऊन ते दाखवलं होतं, आता त्यांना त्याचं गाव दाखवायचंय.

निकितिनचं स्वतःचं घर आज नाही. पण व्होल्गाच्या काठी त्याचा १९५५ सालचा पुतळा आहे आणि नदीच्या त्याच बाजूला अरेफ्येव या व्यापारी कुटुंबाचा १८व्या शतकातला वाडा आहे. त्यात त्वेरच्या लोकजीवनाचं संग्रहालय आहे. मला मुख्य ओढ त्या वाड्याची आहे. व्यापारी माणूस कसा राहायचा, सामोवार (चहासाठी पाणी उकळायचं रशियन भांडं) कुठे मांडायचा, हे बाबांना जवळून बघू दे.

कुणी जाऊन आलंय का? आईचे गुडघे दुखतात, आत जिने किती आणि कसे आहेत? माहितीचे फलक फक्त रशियनमध्येच आहेत का? वाटाड्या आधी ठरवावा लागतो का? आपली व्हिसा, मास्टरकार्डं तिथे चालत नाहीत, त्यामुळे रोख रूबल नेणारच आहे. स्टेशनवरून नदीपलीकडे जायला बस बरी की टॅक्सी?

फोटो असतील तर जिन्याचा नक्की टाका.