ताईत आणि आतला कागद
वर एकांनी पश्चिम आफ्रिकेतल्या गुलामांचे ताईत म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा असं लिहिलंय. मला ते अजिबात पटत नाही. जानेवारी १८३५ मध्ये ब्राझीलच्या साल्वादोर शहरात मुस्लिम आफ्रिकी गुलामांनी आणि मुक्त झालेल्यांनी उठाव केला. बरेचसे योरुबा, म्हणजे आजच्या नायजेरियाच्या भागातल्या लोकसमूहातले, होते. त्यांच्या अंगावर ताईत म्हणून घातलेल्या चामड्याच्या छोट्या पिशव्या सापडल्या, आणि आत बारीक घड्या घातलेले कागद, त्यांवर अरबी लिपीत कुराणातल्या आयती. मालक ज्यांना रानटी समजत, ते लिहीत-वाचत होते! पोलिसांनी पुढे अरबी कागद हाच पुरावा धरला. अशाच पिशव्यांना पोर्तुगीज 'मांदिंगा' म्हणत. अठराव्या शतकात लिस्बनच्या इन्क्विझिशनने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्या बाळगणाऱ्या आफ्रिकींवर खटले भरले होते.