पऱ्हाटी (कापसाची झाडं) जाळायची असेल तर धुराड्याची बांधीव चूल कोणती घ्यावी?

काळंवावर (राळेगाव तालुका, जि. यवतमाळ)

रामराम मंडळी. घराचं काम काढलं आहे. कवेलूची (कौलांची) जुनी सैपाकखोली पाडून विटांच्या भिंती उभ्या केल्या, वर टिना पडणार. स्लॅबचा पैसा पऱ्हाटीवरच्या फवारणीत गेला, त्याबद्दल नंतर कधीतरी.

प्रश्न चुलीचा आहे. गॅस आहे घरी. चहा, भाजी, पोराचं दूध त्यावर होतं. पण माय भाकर गॅसवर टाकत नाही म्हणजे नाही. सकाळी दीड-दोन तास चुलीपुढं बसते, उठते तेव्हा डोळे लालबुंद. आता खोकलाही धरला आहे. डॉक्टर म्हणाले धुरापासून दूर ठेवा. माय म्हणते, डॉक्टरच्या घरची भाकर खाऊन पाह्य एकदा.

तर नवीन खोलीत एकदाची पक्की, धुराडं असलेली चूल बसवायची आहे. तीन गोष्टी समोर आहेत. बाजारात मिळणारी सिमेंटची तयार दोन भोकांची, लोखंडी उचलती, नाहीतर गवंड्याकडून विटा-मातीची बांधून घेणं. जळायला आमच्याकडं पऱ्हाटी अन् तुराट्या, थोडी बाभूळ, पावसाळ्यात गोवऱ्या.

आधीचा अनुभव चांगला नाही, आधीच सांगतो. मी तिसरीत असताना धुराड्याची चूल घरी होती. चांगली चालली वर्षभर. धुराडं झाडायचं असते हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. मग सगळा धूर तोंडातून उलटा यायला लागला अन् एका पोळ्याच्या दिवशी माझ्या बापानं पहारीनं फोडून टाकली. तेच पुन्हा नको.

विटामाती (वणी)

भाऊ, गवंडीकाम करतो म्हणून सांगतो. चूल नंतर निवडा, आधी जळतण पाहा. बाभळीचं ओंडकं सावकाश जळते, त्याला लहान तोंड चालते. पऱ्हाटी पेटली की भसकन् जाते, लांब जाळ देते अन् दर दोन मिनिटाला आत सरकवावी लागते. ती तोडून-तोडून बारक्या तोंडात घालायची म्हणजे घरच्या बाईला नुसतं कामच काम. बाजारातल्या सिमेंटच्या चुलीचं तोंड बहुतेक लाकडाच्या हिशोबानं असते. घेण्याआधी घरची मूठभर पऱ्हाटी सोबत न्या अन् घालून पाहा. दुकानदार हसला तर हसू द्या.

दुसरं, भांडी. तुमचा तवा, गंज, पाणी तापवायचं बगोनं मोजून मगच भोकं पाडा. भांडं भोकावर नीट बसलं नाही तर त्या फटीतून धूर येते आणि धुराड्याचं नाव बदनाम होते. मागचं भोक कधीही पुढच्याएवढं तापत नाही. तिथं वरण शिजते, आंघोळीचं पाणी तापते, भाकरीचा तवा मात्र पुढंच. पऱ्हाटीचा जाळ लांब असल्यानं मागच्या भोकाला तिचा फायदाच आहे.

माती: आपली काळी माती नुसती वापरू नका. ओली झाली की फुगते, वाळली की तडे जातात. वारुळाची किंवा पांढरी माती घ्या, त्यात तनसाचे (धानाच्या पेंढ्याचे) बारीक तुकडे अन् शेण मिसळून दोन दिवस भिजवा. जाळ लागतो त्या आतल्या बाजूला सिमेंटचा गिलावा करू नका, तापून पोपडे सुटतात. बाहेरून करा काय करायचं ते.

आर्वीची_माहेरवाशीण

काळंवावर भाऊ, एक विचारू का? तुम्ही स्वतः कधी भाकर टाकली आहे?

रागावू नका. आमच्या सासरी हौसेनं चांगली महागातली चूल आणली. धूर खरंच कमी, सरपण कमी, सगळं बरोबर. पण तिचं तोंड एवढं चिंचोळं की भाकर शेकायला जागाच नाही. ज्वारीची भाकर तव्यावर अर्धीच होते हो. पाणी लावलेली बाजू सुटली, उलटली, की मग ती तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी आरासमोर, म्हणजे निखाऱ्यांसमोर, उभी करायची असते. एका बाजूनं फुगली की चिमट्यानं फिरवायची. तिथं निखारे पुढं ओढायला हातभर जागा नसेल तर भाकर फुगत नाही, मग तुमच्या मायला गॅस काय वाईट होता? सासूबाईंनी महिन्याभरात अंगणात तीन दगड मांडले आणि ती नवी चूल आता मांजरीच्या बाळंतपणाला कामी येते.

म्हणून तोंडापुढं विटेएवढा उंबरा ठेवायला सांगा, त्यावर आर ओढता येईल असा. जाळी बसवली तर राख खाली पडते, हवा खालून मिळते, ते चांगलंच. पण जाळीची फट बारीक असू द्या, नाहीतर पऱ्हाटीचे निखारेही राखेत गळून जातात आणि शेकायला उरत नाही काही.

आणि मायला विचारल्याशिवाय उंची ठरवू नका. ओट्यावर चूल करणार का जमिनीवर? गुडघे दुखत असतील तर ओटा, पण जन्मभर बसून थापणाऱ्या बाईला उभ्यानं भाकर थापता येत नाही.

विटामाती

ताईंचं बरोबर आहे. एवढंच की तोंड फार मोठं केलं तर थंड हवा आत घुसते अन् मागचं भोक थंड राहते. तोंडाला पत्र्याची सरकती झडप करून द्या. भाकरीच्या वेळी उघडी, वरण शिजताना अर्धी बंद.

नागपूरकर_७१२

इंडक्शन घ्या ना राव. या जमान्यात धुराडं काय.

काळंवावर

दादा, आमची लाइन आठ दिवस दिवसा अन् आठ दिवस रात्री असते ती मोटरची. घरची कधी असते ते महावितरणला माहीत. पुढचे बोला.

धानाचा_कोंडा (आरमोरी)

धुराड्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी शिक्षक आहे, पण शाळेपेक्षा चुलीतच जास्त डोकं घातलं आहे असं घरचे म्हणतात.

चार इंची पाइप पुरतो. वरचं टोक टिनांच्या आढ्यापेक्षा दोन फूट तरी वर पाहिजे, नाहीतर वारा फिरला की धूर परत घरात. वर टोपी बसवा, पण टोपी आणि पाइपात वीतभर मोकळं राहू द्या. टिनातून पाइप काढता तिथं पावसाळ्यात हमखास गळते. भोकाभोवती पत्र्याची कॉलर करून ती वरच्या टिनाच्या खाली आणि खालच्या टिनाच्या वर सरकवा, नुसतं डांबर फासून दोन पावसाळे निघत नाहीत. लाकडी फाटा किंवा बल्ली पाइपाला टेकू देऊ नका. पऱ्हाटीच्या ठिणग्या उडतात.

जुने सिमेंटचे पाइप कोणी फुकट देत असेल तर जपून, त्यांत ॲस्बेस्टॉस असते. कोरडे करवतीनं कापू नका, ती धूळ फुप्फुसात बसते.

सगळ्यात महत्त्वाचं, पाइप जिथं वळतो तिथं खाली एक झाकणाची खिडकी ठेवा. तुमच्या वडिलांना पहार यामुळंच लागली. पंधरा दिवसांनी झाकण काढायचं, काठीला गोणपाट गुंडाळून वर-खाली करायचं, काजळी खाली पडते. पऱ्हाटी ओली असेल तर आठ दिवसांनी.

आणखी एक, धुराडं आहे म्हणून खिडकी बंद करू नका. वर जायला हवा आत यावी लागते.

तुम्ही तर वर्ध्याच्या शेजारचे. मगनवाडीत ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये सुरू झाला, तिथं जे. सी. कुमारप्पा आणि मंडळींनी बिनधुराच्या चुलीवर काम केलं, 'मगन चूल' नाव त्यावरूनच आलं. पुढं १९८३ पासून देशभर सुधारित चुलींचा कार्यक्रम चालला. पुण्याच्या आरती संस्थेनं लक्ष्मी चूल काढली, साचा घालून जागेवर पाडायची दोन भोकांची. साचा मिळाला तर मोजमाप चुकत नाही. मात्र ताई म्हणतात तसा उंबरा वेगळा करून घ्यावा लागेल.

विटामाती

आणि पऱ्हाटीची गंजी घराला लागून रचू नका भाऊ. आग एक, दुसरं बोंडअळीचे कोष त्यात राहतात अन् जूनमध्ये पुन्हा तुमच्याच वावरात.

काळंवावर

हे सगळं मोठ्यानं मायला वाचून दाखवलं. आर्वीच्या ताईंचं ऐकून ती एवढी हसली की खोकला आला. मग म्हणे त्या बाईला आपल्याकडं बोलाव.

ठरलं असं: बांधीव, जमिनीवरच, वारुळाच्या मातीची. झडप, उंबरा, साफ करायची खिडकी, चार इंची नवा पाइप. उन्हाळ्यात ४५ अंशांत आत चूल पेटवणं शक्य नाही, म्हणून मार्चपासून छपरीत जुनी तीन दगडांची राहील, ती मोडायची नाही असा मायचा हुकूम आहे.

काल गवंडी मोजमापाला आला होता. माय तवा, गंज आणि बगोनं घेऊन अंगणात बसली, पोरानं खडूनं गोल काढले. गवंड्यानं तोंड नऊ इंची धरलं. मायनं आपला पंजा आडवा ठेवून पाहिला आणि म्हणाली, अजून दोन बोटं. विटामाती दादा, अकरा इंचाला झडप पुरेल का?