आठ वर्षांच्या मुलाला तीन 'श्यामची आई'

तिरकी_मात्रा

परवा ठाण्यात भाच्याचा आठवा वाढदिवस झाला. भेटी उघडायला घेतल्या आणि एकापाठोपाठ एक तीन 'श्यामची आई' निघाल्या. एक आजोबांकडून, एक खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून. तिसरी माझी. पोरानं तिन्ही एकावर एक रचून त्यांचा उड्डाणपूल केला आणि वरून गाडी सोडली.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते लिहिते. आपण पुस्तक सुचवत नाही, स्वतःची आठवण सुचवतो. कुणी 'आठ वर्षांच्या मुलासाठी सांगा' म्हटलं की उत्तर तयार असतं: श्यामची आई, गोट्या, फास्टर फेणे. मोठ्यांसाठी विचारलं तर मृत्युंजय, स्वामी, ययाति. मुलाला काय आवडतं, जोडाक्षराला अजून अडखळतो का, हे विचारायच्या आत यादी अंगावर येते.

त्या रात्री मीच वाचून दाखवायला बसले. पोहायला जायचं टाळून लपलेल्या श्यामला आई मारते, तो भाग. भाचा उठूनच बसला. "खरंच मारलं? आणि मग पाण्यात ढकललं?" आई नंतर त्याला जवळ घेते तिथवर आम्ही पोचलोच नाही, त्यानं पांघरूण डोक्यावर ओढलं होतं. आणि इतक्या वर्षांनी उघडल्यावर मला एक गोष्ट नव्यानं दिसली. श्याम या गोष्टी लहान मुलांना सांगतच नाही. आश्रमातल्या मित्रांना सांगतो, रात्री प्रार्थना झाल्यावर. मोठा झालेला माणूस आपल्या गेलेल्या आईबद्दल मोठ्यांशी बोलतोय. साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पालगडची ती आई समजायला आधी आपण थोडे टक्केटोणपे खाल्लेले असावे लागतात.

म्हणून म्हणते, एक वर्षभर ही ठरावीक नावं सुचवायची बंद करू या. बघू तरी दुसरं काय सुचतं.

आप्पा_रास्तापेठ

म्हणजे बंदीच की! मुलगा पांघरुणात शिरला याचा अर्थ पुस्तक लागलं हो त्याला. तुम्ही वाचन थांबवलंत ही चूक तुमची, गुरुजींची नव्हे. आम्हाला आई वाचून दाखवायची तेव्हा आम्हीही रडलो, तिनं डोळे पुसले आणि पुढचं पान उलटलं.

हल्लीची बालपुस्तकं चाळतो मी दुकानात. अठ्ठावीस पानं, पानावर दोन ओळी, किंमत बघून परत ठेवावं असं वाटतं. मधोमध एक बेडूक. शेवटी बेडूक वाटून खायला शिकतो. एवढ्यासाठी गोट्याला घराबाहेर काढायचं? कठीण शब्द आला तर मूल विचारतं. पत्रावळ म्हणजे काय हे सांगता सांगता आजी तिच्या माहेरापर्यंत जाते. तेही वाचनच आहे.

खिडकीची_सीट

आप्पा, आजी सांगलीला आणि नातू बंगळुरूला असेल तर पत्रावळ कुणाला विचारायची?

आमच्याकडे एका जुन्या साहसकथेत 'तार आली' असं वाक्य होतं. मुलगी म्हणाली, "वायर? ती आपली आपण कशी आली?" मग पोस्टमन, कट्टकड्डकट्ट, तार म्हटलं की घरात रडारड का व्हायची, हे सगळं सांगत बसलो. मजा मलाच आली. ती केव्हाच झोपली होती.

फाफे, म्हणजे फास्टर फेणे, मात्र तिला आवडला, हे प्रामाणिकपणे सांगतो. फुरसुंगीचा बनेश, त्याची सायकल आणि ते 'ट्टॉक्'. आता जिभेनं दिवसभर तेच चालू असतं. भा. रा. भागवतांना सरसकट यादीतून उडवू नका.

ग्रंथपालबाई

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका 'ब' वर्ग वाचनालयात देवघेवीला बसते. नावं बंद करा हे वाचून हसू आलं. ज्यांच्या घरी कपाटभर पुस्तकं आहेत त्यांना मृत्युंजयचा कंटाळा येतो. आमच्याकडच्या प्रतीचं बाइंडिंग दोनदा शिवलंय, कोपरे बोटांनी काळे झालेत.

एक एसटी कंडक्टर आहेत. दहावीनंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं. निवृत्त झाले, वेळ जाईना, म्हणून आले. मी मृत्युंजय दिलं. एवढं जाड बघून घाबरले. पण त्यात कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, जो तो 'मी' म्हणून आपली बाजू सांगतो. कथा माहितीचीच, हरवायची भीती नाही. बारा दिवसांत परत आणलं आणि काउंटरवर उभ्या उभ्या माझ्याशी भांडले, की कुंतीचं चुकलंच. त्यानंतर मी बनगरवाडी दिलं. तो माणदेश त्यांच्या गाडीच्या रूटवरचा! मेंढरं, दुष्काळ, तरुण मास्तर, सगळं ओळखीचं. आता ते स्वतः कपाटापुढे उभे राहून निवडतात.

लोकप्रिय पुस्तक हा उंबरा असतो. तो काढून टाकलात तर आत येणारा कुठून येणार?

तिरकी_मात्रा

ग्रंथपालबाई, मोठ्यांच्या बाबतीत हरले. पण तुम्ही जे केलंत ते यादी देणं नाही ना. तुम्ही माणूस बघितलात, त्याचा रूट लक्षात ठेवलात. माझं भांडण न बघता देण्याशी आहे.

आणि आप्पा, बेडकावर अन्याय करताय. माधुरी पुरंदऱ्यांची 'यश'ची पुस्तकं घेऊन बसा एकदा. चित्रातल्या घरात पसारा असतो, मुलं हट्ट करतात, आईबाबा दमतात, आणि शेवटी कुणीही काहीही 'शिकत' नाही. धाकट्या भाचीला तेच पान मी लागोपाठ सहा वेळा वाचून दाखवलंय. सहाव्यांदा तिनं मला चित्रात असं काहीतरी दाखवलं जे मी पाचही वेळा पाहिलं नव्हतं.

दूरदेशी

मेलबर्नहून. आमची अडचण तुमच्या दोन्ही याद्यांत बसत नाही. मुलगा नऊ वर्षांचा, मराठी फर्डं बोलतो, वाचतो मात्र अक्षर अक्षर लावत. 'र'ला 'ट' जोडला की संपलं. पाच वर्षांच्यांचं पुस्तक दिलं की अपमान वाटतो, नऊ वर्षांच्यांचं दिलं की दुसऱ्या ओळीला दम लागतो. भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा प्रेमानं श्यामची आई आणतो, आमच्याकडेही दोन आहेत.

शेवटी चाललं काय, तर विंदा करंदीकरांच्या बालकविता. यमक पुढचा शब्द आपणच पुरवतं, त्यामुळे वाचता येत नसलं तरी वाचता येतं. आणि 'किशोर'चे जुने अंक. बालभारतीनं ते नेटवर फुकट ठेवलेत, अगदी १९७१ पासूनचे. त्यातली कोडी सोडवायला तो स्वतःहून बसतो, कारण कोडं कुठल्या वयाचं आहे हे त्याला ओळखता येत नाही.

आप्पा_रास्तापेठ

विंदांबद्दल दुमत नाही. त्यांची 'राणीची बाग' आमच्याकडे तीन पिढ्या पाठ आहे.

बाकी, 'तोत्तोचान'बद्दल कुणीच कसं बोललं नाही? रेल्वेच्या डब्यांत भरणारी ती तोक्योची शाळा, मुलीचं बोलणं तासन् तास ऐकून घेणारे हेडमास्तर कोबायाशी. दहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला द्यावं असं पुस्तक.

खिडकीची_सीट

आप्पा, दिलं होतं. मुलीनं वाचून मला विचारलं, "मग मला का नाही घातलं अशा शाळेत?" तेव्हापासून ते पुस्तक मी वरच्या फळीवर ठेवलंय. पालकांनी लपूनछपून वाचायचं पुस्तक आहे ते.

तिरकी_मात्रा

ग्रंथपालबाई, उड्डाणपुलातल्या दोन प्रती मोकळ्या आहेत. वाचनालयाचा पत्ता निरोपात पाठवाल का?

ग्रंथपालबाई

पाठवते. एकच पाठवा, आमच्याकडे आधीच चार आहेत आणि चारही बाहेर गेलेल्या आहेत, बहुतेक आयांकडे. दुसरीच्या ऐवजी ते पसाऱ्याच्या घराचं चित्रांचं पुस्तक टाका. कंडक्टरकाका शनिवारी नातीला घेऊन येतात, ती नुसती काउंटरखाली बसून पंचांगातली चित्रं बघते.