थुंकी नको, बेडका हवा

‘घरातल्या एकाचं टीबीचं औषध सुरू झालं, बाकी कुणाला खोकला नाही, मग त्यांना कशाला तपासायचं?’ या प्रश्नाबद्दल थोडं सांगतो.

निदान होईपर्यंत रुग्ण कित्येक आठवडे त्याच खोलीत खोकत असतो. संसर्ग औषधाआधीच पोचलेला असू शकतो. एका खोलीत झोपणारे, कामावर शेजारी बसणारे, सगळ्यांची यादी लगेच करा. ताप, घटलेलं वजन, रात्रीचा घाम हेही विचारा आणि छातीचा एक्स-रे काढाच. लक्षणं नसलेले रुग्ण त्यातच सापडतात.

सगळ्यात जास्त घोळ तपासणीसाठी दिलेल्या बेडक्याच्या नमुन्यात होतो. डबीत नुसती लाळ आली तर सीबीनॅटमध्येही (जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) जंतू सुटू शकतात. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, मोकळ्या हवेत जायचं, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन छातीतून खाकरायचं. घट्ट बेडका, निदान २ मिलिलिटर.

टीबी नाही याची खात्री झाली की प्रतिबंधक औषध: आयसोनियाझिड रोज ६ महिने, किंवा रिफापेन्टिनसोबत आठवड्यातून एकदा, १२ डोस. खात्री न करता दिलं तर लपलेला आजार अपुऱ्या औषधावर राहतो आणि जंतू त्या औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना सर्वांत आधी बघा, त्यांच्यात टीबी मेंदूपर्यंत झपाट्याने पोचू शकतो. आणि रिफापेन्टिनने लघवी नारिंगी होते हे पहिल्याच दिवशी सांगा. घाबरून गोळ्या सोडणारे बरेच असतात.