प्रतिसाद: झाकण अर्धा तास उघडं ठेवणं पुरेसं नाही

सांडपाण्याच्या टाकीचं झाकण अर्धा तास उघडं ठेवलं की आत उतरायला हरकत नाही, असं वर एकांनी लिहिलंय. कृपया यावर विसंबू नका. गाळातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेपेक्षा जड, तो तळाशी साचून राहतो. गाळ ढवळला की आणखी सुटतो. वासावरही भरवसा नको, जास्त प्रमाणात हा वायू नाकाची संवेदनाच मारतो.

उतरण्याआधी वायू मोजायच्या मीटरवर आधी ऑक्सिजन बघा (१९.५ ते २३.५ टक्के), कारण तो कमी असेल तर बऱ्याच मीटरांचं ज्वलनशील वायूचं रीडिंग खोटं कमी येतं. मग ज्वलनशील, शेवटी विषारी वायू. मीटरची नळी टाकीत वर, मध्ये, तळाशी सोडा आणि प्रत्येक ठिकाणी हवा सेन्सरपर्यंत पोचेपर्यंत थांबा. घाईत इथेच चूक होते. काम संपेपर्यंत ब्लोअर (ताजी हवा आत सोडणारा पंखा) आणि मीटर दोन्ही चालू हवेत.

प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ टाकीबाहेर लक्ष ठेवायला थांबणाऱ्या माणसावर घालवा. आतला कोसळला तरी त्याने आत उडी घ्यायची नाही: आधी मदतीची हाक, मग ट्रायपॉडच्या (तोंडावर उभ्या केलेल्या तिपाईच्या) विंचने, म्हणजे दोर गुंडाळायच्या चरकाने, त्याला हार्नेससकट (अंगावरच्या सुरक्षा-पट्ट्यांसकट) वर ओढणं. हा सराव वजनदार पुतळा घेऊन, खऱ्या झाकणाएवढ्याच तोंडातून करा. आणि फिल्टरचा मास्क ऑक्सिजन देत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.