सल्ला हवा: महागातला घडीचा चाकू हातात घेऊन पारखायचा कसा? (सातारा)

यवतेश्वरचा_घाट :
नमस्कार मंडळी. घडीचा चाकू घ्यायचाय, जरा चांगल्यातला. बजेट २० हजार, वर एक रुपया नाही (घरी हाच आकडा मंजूर झालाय). पुण्यातले एक संग्राहक आपल्याकडचे काही चाकू काढतायत, रविवारी बघायला बोलावलंय. तेव्हा 'कुठला ब्रँड घेऊ' हा प्रश्न नाही. समोर चार चाकू ठेवले तर कारागिरीचा कुठला आणि नुसता नावाचा कुठला, हे कसं ओळखायचं? काम म्हणाल तर खोकी फोडणं, कासकडे गेलो तर काकडी-पेरू कापणं. बाकी हौस.

पोवई_नाका :
विक्टोरिनॉक्स घ्या आणि विषय संपवा. १८९७ साली ऑफिसर्स नाइफचं पेटंट घेतलं, अजून मूळ बांधणी तीच आहे. उगाच नाही. माझा कॉलेजपासूनचा आहे, कात्री अजून टकाटक. दात कोरणी तेवढी भाच्याने हरवली. २० हजारांत तर अख्ख्या घराला एकेक येईल.

कृष्णाकाठ_सांगली :
+१. विक्टोरिनॉक्स. डोळे झाकून.

यवतेश्वरचा_घाट :
तो आहे हो माझ्याकडे. म्हणून तर पुढचं विचारतोय.

डॉलरमध्ये_बोला :
मूळचा कराडचा, सध्या डेन्व्हरजवळ. राग मानू नका, पण २० हजारांत 'चांगल्यातला' हा शब्द वापरू नये. क्रिस रीव्हचा सेबेंझा घ्या. ४०० डॉलरच्या वर जातो, पण फ्रेम लॉक (मुठीचीच एक पट्टी सरकून उघडं पातं अडवून धरते तो) हा प्रकारच त्या माणसाने आणला. एस३०व्ही पोलाद २००१ साली क्रुसिबल ह्या पोलाद कंपनीने काढलं तेही त्याच्याशी सल्लामसलत करून. माझ्याकडे दोन आहेत, एक वापरायचा आणि एक पेटीतला. उघडताना हायड्रॉलिक असल्यासारखं वाटतं. फोटो टाकतो नंतर.

पोवई_नाका :
४०० डॉलरचा चाकू पेटीत ठेवायचा असेल तर माझ्या आजोबांची तलवार काय वाईट.

तासगाव_बेदाणा :
आवो कशाला येवढं. बागंत चाकू लागतो आमाला रोज. डॉगरीजच्या खुंटावर द्राक्षाचं पाचर कलम करायचं तर एका अंगानं धार लावल्याला सरळ पात्याचा चाकू लागतो, ते तुमचं फॅन्सी तिथं चालत न्हाई. मी ऑनलाइन डी२ स्टीलचा मागवला हुता, चांगले पैसे मोजून. द्राक्षाचा रस आन् बोर्डोचा फवारा लागून पंधरवड्यात पात्यावर तांबडं ठिपकं. विकणारा म्हणतो तुमी नीट पुसत न्हाई. बागंत काय टॉवेल घिऊन हिंडू का?

कृष्णाकाठ_सांगली :
डी२ गंजत नाही. त्यात १२ टक्के क्रोमियम असतं. तुम्हाला नकली दिला असणार.

कुपवाड_टूलरूम :
डी२ गंजतं. आमच्याकडे पंच-डायला रोज तेच वापरतो, पावसाळ्यात उघडं राहिलं की डाग पडतात. क्रोमियम १२ टक्के खरं, पण कार्बन दीड टक्का आहे. बरंचसं क्रोमियम त्या कार्बनला धरून कार्बाइड होऊन बसतं, गंज अडवायला मोकळं राहतं ते थोडंच. बेदाणा साहेब, तुमचा चाकू अस्सल असू शकतो. बागेसाठी तो घ्यायला नको होता एवढंच.

आता मूळ मुद्दा. पारख कशी करायची हे विचारलंय आणि वर सगळ्यांनी दुकानं सुचवलीत. असो.

चाकू मिटलेला असताना टोकाकडून बघा. पातं मुठीच्या दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मध्ये हवं. झुकलेलं असेल तर बिजागरीचा स्क्रू जरा सैल-घट्ट करून दाखवायला सांगा. तेवढ्याने मध्ये आलं तर ठीक, नाहीतर बांधणीतच वाकडं आहे. मग उघडा, लॉक बसू द्या, पातं चिमटीत धरून आधी डावीउजवीकडे हलवा, मग वरखाली. डावीउजवीकडे किंचित हललं तर बहुतेक वेळा स्क्रूने जातं. वरखाली हललं तर लॉकची बैठक चुकली किंवा झिजली, ते स्क्रूने जात नाही. चाकू खाली ठेवा, चहा घ्या, निघा.

लॉकची पट्टी पात्याच्या बुडाखाली कुठवर सरकलीय तेही बघा. नव्या चाकूत साधारण ३० ते ५० टक्के असावी. पार पलीकडच्या कडेला टेकली असेल तर पुढच्या झिजेला जागाच नाही. पट्टी टायटॅनियमची असेल तर तोंडाशी पोलादाचा तुकडा बसवलाय का ते पाहा. टायटॅनियम पोलादाला चिकटतं, मिटताना अंगठ्याला अडकल्यासारखं लागतं. तोंडाला वेगळी प्रक्रिया करूनही काही कारखाने ते टाळतात, म्हणून तुकडा नाही म्हणजे वाईट असं नाही. अंगठ्याला काय लागतं ते खरं.

डॉलरमध्ये_बोला :
चांगली माहिती. फक्त लॉक तपासायचा खरा मार्ग म्हणजे पात्याची पाठ टेबलावर आपटायची. मिटला तर नापास.

कुपवाड_टूलरूम :
दुसऱ्याचा चाकू टेबलावर आपटायचा? रविवारी त्या गृहस्थांनी ह्यांनाच आपटलं म्हणजे? आपटल्याने चांगल्या लॉकचीही बैठक खराब होते. बोटं वाटेतून बाजूला ठेवून पाठीवर तळहाताने दाबा, पुरे.

डॉलरमध्ये_बोला :
मी माझे दोन्ही आपटलेत.

पोवई_नाका :
पेटीतलासुद्धा?

कायद्याचं_बोला :
कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्याराला परवाना लागतो, घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. खिशातला चाकू त्यात बसत नाही, बरोबर. पण सण किंवा निवडणूक आली की जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो आणि त्यात सुरे-लाठ्या सगळं येतं. तेव्हा मिरवणुकीत खिशाला क्लिप लावून फिरू नका. बटण दाबून उघडणारा खटक्याचा तर घेऊच नका. आणि विमानात हातातल्या बॅगेत नाही.

कृष्णाकाठ_सांगली :
म्हणूनच विक्टोरिनॉक्स. कुणी विचारत नाही.

मिरज_जवारी :
अवांतर होईल, पण पोलादाची पारख म्हणाल तर आमच्या मिरजेत या. सतारी करणारी इथली घराणी मूळची शिकलगार, हत्यारांना धार-पाणी करणारी. फरीदसाहेबांनी १९व्या शतकात सतार केली तोच हात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्याकडे पणजोबांचा पितळी अडकित्ता आहे, एका रिव्हेटवर उभा, अजून तसूभर खेळ नाही. स्क्रू नाही, बेअरिंग नाही. तुमच्या डॉलरवाल्यांना विचारा असं काही जमतं का.

तासगाव_बेदाणा :
अडकित्त्यानं पेरू कापत्यात व्हय?

यवतेश्वरचा_घाट :
टूलरूम साहेब, फार उपयोगी. त्यांच्याकडे एक दमास्कस पात्याचाही आहे, फोटोत नक्षी जबरदस्त दिसते. आणि पोलाद किती कडक आहे ते घरी कसं कळणार?

कुपवाड_टूलरूम :
कडकपणा घरी कळत नाही. रॉकवेल सी म्हणजे १५० किलोच्या दाबाने हिऱ्याचं टोक रोवून खोली मोजायची. पात्याला खळगा पडतो, कोण करू देईल? पात्यावर पोलादाचं नाव कोरलंय म्हणून हुरळू नका. एकाच पोलादाला पाणी नीट दिलं तर ६१ येतं, घाईत दिलं तर ५७. नाव तेच राहतं.

दमास्कस असेल तर पात्याची पाठ बघा. दोन जातींचं पोलाद खरंच थर देऊन जोडलं असेल तर नक्षी पाठीवरून पलीकडे उतरते. नुसती वरून छापली असेल तर कडेशी चित्र कापल्यासारखी संपते.

आणि ज्याकडे कुणी बघत नाही ते सांगतो, धारेमागची जाडी. पोलाद भारी, कडकपणा ६०, पण धारेच्या लगेच मागे जाडी एक मिलिमीटर असेल तर गाजर कापलं जात नाही, कटकन फुटतं. अर्धा मिलिमीटर किंवा कमी हवी. जाडी मोजायचं व्हर्नियर नसेल तर खिशात एक गाजर न्या. हसू देत. शिवाय पाठीकडून बघून दोन्ही बाजूंचा उतार सारखा आहे का, धारेची चमकती पट्टी टाचेपासून टोकापर्यंत सारख्या रुंदीची आहे का, ते पाहा. तिथे कारखान्याची घाई सापडते.

वाईचा_पाहुणा :
वाखुसा (वाचनखूण साठवली). मी एका नामांकित परदेशी चाकूची नक्कल अस्सलच्या भावात घेऊन बसलोय. डबा, कार्ड, नंबर, सगळं होतं. दुकानदार फोन उचलत नाही. त्यात गंमत म्हणजे तो मध्यावर आहे, हलत नाही, कापतोही बरा. आता सांगा ह्याला काय म्हणायचं.

डॉलरमध्ये_बोला :
कचरा म्हणायचं.

कुपवाड_टूलरूम :
मी हातात घेतल्याशिवाय काही म्हणणार नाही. कुपवाडला आलात तर घेऊन या, आमच्या मशीनवर खळगा पाडून बघू.

यवतेश्वरचा_घाट :
जाऊन आलो. गाजर नेलं होतं. त्या गृहस्थांनी न विचारता ताटली आणून दिली, म्हणजे त्यांनाही ठाऊक असावं.

टायटॅनियमचा फ्रेम लॉकवाला नावाजलेला होता, पण पातं वरखाली हललं. अगदी कणभर, पण बोटाला कळलं. दमास्कसची नक्षी पाठीच्या कडेशी थांबली, मालकच म्हणाले की ती भेट आलेली आहे. स्पायडर्कोचा पॅरामिलिटरी २ मात्र सगळ्यात पास. मध्यावर, घट्ट, गाजराची चकती पारदर्शक निघाली. किंमतही बसत होती.

आणि मी घेतला लायोल. फ्रान्सचा, शिंगाच्या मुठीचा, साध्या कार्बन पोलादाचा. त्याला लॉक नाही, क्लिप नाही, एका हाताने उघडतही नाही. पाठीच्या स्प्रिंगवर कानशीने वेलबुट्टी काढलीय आणि पुढची मधमाशी (लायोलची ओळखखूण) वेगळी डकवलेली नाही, त्याच स्प्रिंगच्या पोलादातून घडवलीय. नख फिरवलं तर पितळ कुठे संपतं आणि शिंग कुठे लागतं ते कळत नाही. बजेटमध्ये बसून वर पैसे उरले.

डॉलरमध्ये_बोला :
लॉक नाही??? एवढी चर्चा करून? आणि लायोल ह्या नावाने चीन-पाकिस्तानातही माल निघतो. सांभाळून.

यवतेश्वरचा_घाट :
माहीत आहे, म्हणून तर मधमाशी आणि सांधे भिंगाने बघितले. पात्यावर कारखान्याचा शिक्काही आहे.

कुपवाड_टूलरूम :
फोटो पाहिला. वेलबुट्टी दोन्ही बाजूंना सारखी नाही, डावीकडे तिसरं पान मोठं आलंय. मला विचारलं असतं तर पॅरामिलिटरी उचलायला सांगितलं असतं. पण सांधे छान आहेत, ते मान्य. एक करा, मिटताना पातं सोडून देऊ नका, हाताने टेकवा. ह्या जातीत खटकन मिटलं की धार आतल्या स्प्रिंगवर आपटते आणि एकाच जागी बोथट होते.

यवतेश्वरचा_घाट :
ते तिसरं पान बघूनच घेतला.

मिरज_जवारी :
वा! शेवटी रिव्हेटवरच आलात. मी काय म्हणत होतो?

तासगाव_बेदाणा :
कार्बन पोलाद म्हंजे डी२ च्या वरताण गंजनार. पेरू कापला की लगीच पुसा आन् खोबरेल लावा.

कृष्णाकाठ_सांगली :
खोबरेल नको, थंडीत गोठतं, बिजागरीत चिकट होऊन बसतं. शिलाई मशीनचं तेल.

तासगाव_बेदाणा :
मशीनचं तेल लावल्यालं पातं पेरूत घालनार का तुमी?

पोवई_नाका :
वर उरलेल्या पैशांत एक विक्टोरिनॉक्स येईल.