कॉर्नर अडवताना माणूस धरायचा की जागा?

मधली फळी

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. समोरच्या टीमला कॉर्नर (मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक) मिळाला की मैदानाबाहेरून एकच आरोळी येते: "आपापला माणूस धरा!" माझं ठाम मत आहे की ही आरोळीच आपल्याला गोल खायला लावते.

मागच्या मोसमातला एक गोल अजून डोळ्यांसमोर आहे. आमचा लेफ्ट बॅक त्यांच्या नऊ नंबरचा शर्ट मुठीत धरून उभा होता. सांगितलेलं काम तो मन लावून करत होता. चेंडू त्याच्या कानाजवळून गेला तेव्हा त्याची मान चेंडूकडे नव्हती, नऊ नंबरच्या छातीकडे होती. मागच्या पोराने नुसतं डोकं लावलं. चेंडू आमच्याच मुलाच्या हातभर अंतरावर होता आणि त्याला दिसलाच नाही.

माणूस आणि चेंडू एकाच वेळी नजरेत ठेवता येत नाहीत. शिवाय कधी पळायचं हे हल्ला करणाऱ्याला माहीत असतं, धरणाऱ्याला नसतं. तो कायम अर्धं पाऊल मागे. २०१८च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी आठवा. फ्रान्सचा कॉर्नर, ग्रीझमनचा चेंडू फर्स्ट पोस्टकडे (किकच्या बाजूच्या खांबाकडे) आणि उमटिटीचा हेडर. बेल्जियमचा फेलैनी त्याच्याजवळच होता, त्याच्याहून चांगलाच उंचही होता. पण उमटिटी एक पाऊल आधी निघाला, उंची तिथेच वाया गेली.

म्हणून मी आता अशी मांडणी करतो: एक जण फर्स्ट पोस्टच्या पुढे, चार जण सहा यार्डाच्या रेषेवर (गोलसमोरच्या लहान चौकोनाच्या कडेवर), तीन ब्लॉकर (धाव अडवणारे) पेनल्टी स्पॉटच्या आसपास, एक डीच्या (बॉक्सच्या कडेवरच्या अर्धवर्तुळाच्या) तोंडाशी सेकंड बॉलसाठी, म्हणजे परत बाहेर आलेल्या चेंडूसाठी, एक वर, समोरच्या गोलच्या दिशेला. गोलकीपर धरून अकरा. रेषेवरच्या चौघांनी फक्त चेंडू पाहायचा. आपल्या टापूत आला की पुढे जाऊन मारायचा, मागे सरकायचं नाही.

जुना स्टॉपर

अजिबात सहमत नाही. बारा वर्षं स्टॉपर (मधला बचावपटू) खेळलो, तुमच्या त्या रेषेवरही उभा राहिलोय.

जागेवरून मारलेली उडी आणि पळत येऊन मारलेली उडी यांची बरोबरी होत नाही. २०१०ची उपांत्य फेरी, स्पेन विरुद्ध जर्मनी, ७३वं मिनिट. झावीचा कॉर्नर आणि पुयोल बॉक्सच्या कडेपासून धावत येतो. कोणीही त्याची वाट अडवत नाही. तो हवेत आला तेव्हा आजूबाजूचे सगळे त्याच्या खांद्याखाली होते. पुयोल काही उंच खेळाडू नव्हे. ती उंची त्याला धावेने दिली. त्या धावेत कोणी नुसता खांदा घातला असता तरी तो गोल झाला नसता.

आणि मुलांच्या बाबतीत जबाबदारी फार मोठी गोष्ट आहे. माणूस दिला की पोराला कळतं, हा माझा. जागा दिली की दोन जागांच्या मध्ये चेंडू पडतो आणि दोघे एकमेकांकडे बघतात. प्रशिक्षक बेनिटेझच्या लिव्हरपूलवर झोनलसाठी (जागा धरण्यासाठी) एवढी टीका झाली ती उगाच नाही.

मधली फळी

बेनिटेझचं उदाहरण तुम्ही काढलंत, बरं झालं. माणूस धरून गोल खाल्ला की लोक खेळाडूला बोल लावतात, जागा धरून खाल्ला की पद्धतीला. गोल दोन्हीत होतात. १९९८च्या अंतिम सामन्यात झिदानने ब्राझीलवर दोन कॉर्नरवर दोन हेडर मारले, पहिला २७व्या मिनिटाला, दुसरा मध्यंतराच्या तोंडावर. पहिल्या गोलनंतर तरी तो सगळ्यांना माहीत झाला होता ना? नुसतं "याला धरा" म्हणून भागत नाही.

धावेचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. तीन ब्लॉकर त्यासाठीच आहेत.

हातमोजे

तुम्ही दोघं गोलकीपरला विसरलात. मी तिथे उभा असतो, म्हणून लिहितो.

कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड (गोलकीपरआधीच्या शेवटच्या माणसाच्या मागे उभं राहून चेंडू घेण्याची बंदी) नाही. म्हणजे त्यांचा माणूस माझ्या अंगाला चिकटून, गोलरेषेवर उभा राहिला तरी नियमात बसतं. त्याची पाठ माझ्या छातीवर, त्याची टाच माझ्या बुटावर. त्याला ढकलायला माझाच एक स्टॉपर येतो. आता दोघं झाले. चेंडू आत वळत येतो, मला एक पाऊल पुढे टाकायचंय आणि माझी वाट माझ्याच माणसाने अडवलेली असते. हात वर गेले तरी पाय हलत नाहीत. आर्सेनलने गेल्या काही मोसमांत याच गर्दीवर किती गोल केले ते बघा. चेंडू सहा यार्डात वळवायचा, गोलकीपरभोवती माणसं उभी करायची आणि गॅब्रिएलने मागून धावत यायचं.

त्यामुळे माणूस की जागा हे नंतर ठरवा. आधी माझ्यासमोरची दोन पावलं मोकळी ठेवा. जो मला चिकटतो त्याच्यासाठी एकच माणूस, तोही माझ्या बाजूने न उभा राहता त्याच्या पुढे. आणि सेकंड पोस्टवर (लांबच्या खांबावर) एक माणूस हवाच. गोल ७.३२ मीटर रुंद आहे, मी पुढे आलो की मागचा कोपरा उघडा पडतो.

ऑफसाइडची रेषा

पोस्टवरच्या माणसाला कडाडून विरोध. चेंडू क्लिअर झाला की सगळी टीम पुढे पळते आणि हा एकटा गोलरेषेवर राहतो. तोच चेंडू परत आत आला की त्याच्यामुळे त्यांचे सगळे ऑनसाइड. शिवाय तो एका खांबाजवळचा अर्धा मीटर राखतो. तोच सहा यार्डाच्या रेषेवर असता तर चेंडूपर्यंत गेला असता.

हातमोजे

क्लिअर झाला की त्याने पळावं, एवढं सरावात बसवता येतं. माझ्या बोटांना लागून खांबाशी गेलेला चेंडू त्याने मारलेला मी अनेकदा पाहिलाय. तो अर्धा मीटर मला लाखमोलाचा आहे.

नऊ नंबर

मी फॉरवर्ड, म्हणजे समोरच्या बाजूचा. आम्हाला काय नको असतं ते सांगतो.

माणूस धरणारी टीम असली की आम्हाला आनंद होतो, कारण तुमची मांडणी आम्ही ठरवतो. आम्ही जिथे जाऊ तिथे तुम्ही येता. २०१८च्या विश्वचषकात इंग्लंडचे खेळाडू कॉर्नरला एकामागे एक रांगेत उभे राहायचे आणि किक पडताना चहूकडे फुटायचे. रांगेतल्या माणसाला धरणार कसं? कुठून धरायला गेलं तरी मध्ये दुसरा असतो.

पण आम्हाला खरी धास्ती असते ती वर ठेवलेल्या माणसांची. तुम्ही एक ठेवलात तर आम्ही मागे दोन ठेवतो. दोन ठेवलेत, तेही चपळ, तर आमचे तीन अडकतात. बॉक्समधली गर्दी आपोआप कमी. शेवटी साधारण तीसेक कॉर्नरमागे एक गोल होतो, त्यासाठी अकराच्या अकरा मागे कशाला? त्याच विश्वचषकात जपानने बेल्जियमविरुद्ध २-२ असताना भरपाईच्या वेळेत कॉर्नर घेतला. कुर्त्वाने तो पकडला, लगेच डी ब्रॉइनेकडे सरकवला, तिथून म्यूनिए, लुकाकूने चेंडू पायाखालून सोडला आणि शाडलीने गोल केला. ज्यांचा कॉर्नर होता तेच काही सेकंदांत स्पर्धेबाहेर.

जुना स्टॉपर

चांगला मुद्दा, पण ९३व्या मिनिटाला एका गोलने पुढे असताना दोन माणसं वर ठेवून दाखवा. २०१४चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना अॅटलेटिकोने रिअल माद्रिदविरुद्ध तिथेच गमावला. मॉड्रिचचा कॉर्नर, रामोसचा हेडर, बरोबरी, आणि जादा वेळेनंतर ४-१. त्या क्षणी मला बॉक्समध्ये प्रत्येक माणूस हवा.

आणखी एक, पहिल्या चेंडूवर सगळे एवढे बोलतात की पुढचं राहून जातं. १९९९च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्नने मँचेस्टर युनायटेडविरुद्ध भरपाईच्या वेळेत दोन गोल खाल्ले, दोन्ही बेकहॅमच्या कॉर्नरनंतर. पहिल्या वेळी चेंडू आधी बाहेर आला होता. तो अर्धवट क्लिअर झाला, गिग्जने परत आत मारला, शेरिंगहॅमने दिशा दिली. दुसऱ्या वेळी शेरिंगहॅमचा फ्लिक (डोक्याने ओझरता वळवलेला चेंडू) आणि सोल्शायर मोकळा. फ्लिकनंतर चेंडू एका टापूतून दुसऱ्या टापूत जातो. तुमचे चौघे मागे वळेपर्यंत खेळ संपलेला असतो.

मधली फळी

म्हणूनच फर्स्ट पोस्टच्या पुढचा माणूस टीममधला सर्वांत धीट हेडर असावा. फ्लिक तिथेच मरतो. आणि डीवरचा माणूस मी कधीच काढत नाही, कितीही मिनिटं उरली असोत.

शॉर्ट कॉर्नरला (चेंडू आत न मारता जवळच्या साथीदाराला दिला तर) माझी मांडणी दुबळी पडते, हे खरं आहे. दोघांना बाहेर जावं लागतं, आत सात जण आणि गोलकीपर उरतात. त्यावर अजून काम करतोय.

जुना स्टॉपर

समोर तीन चांगले हेडर असले तर तुमचे तीन ब्लॉकर कुठे?

मधली फळी

त्या तिघांवरच.

जुना स्टॉपर

मग तुम्ही माणूसच धरताय की!

मधली फळी

पेनल्टी स्पॉटपर्यंत. तिथे वाट अडवायची, धाव मोडायची. पुढे सहा यार्डात त्याच्या मागे जायचं नाही, तिथे रेषेवरचे चौघे आहेत.

जुना स्टॉपर

मी माझ्या पोराला सांगेन, आतपर्यंत त्याच्या मागे जा. अर्ध्या वाटेत सोडलेला माणूस कोणाचाच नसतो.

हातमोजे

आत आलात तर त्याच्या पुढे उभे राहा. माझ्यासमोरची दोन पावलं तेवढी सोडा.